हॉस्पिटलच्या स्टाफला केस पेपर नीट लिहायला कसं शिकवायचं: ही जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी

वीस ते पन्नास बेडच्या हॉस्पिटलमध्ये तुम्ही इन्चार्ज सिस्टर असाल, एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड विभागात) नवीन लागला असाल किंवा एनएबीएचच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या दर्जाच्या मान्यतेच्या, तयारीसाठी तुम्हाला घेतलं असेल आणि सरांनी सांगितलं असेल की स्टाफला जरा रेकॉर्ड लिहायला शिकवा, तर हे सगळं तुमच्यासाठी लिहितोय. मी हे काम केलंय आणि सुरुवातीला कुठून धरायचं हेच कळत नाही, कारण कुणालाही विचारा, म्हणतात एक ट्रेनिंग घ्या, हॉलमध्ये सगळ्यांना बसवा, पीपीटी दाखवा, हजेरीच्या सह्या घ्या, झालं. त्याने सह्यांचा कागद तयार होतो, फाईल तशीच राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. केस पेपर रात्री दोन वाजता पेशंट बिघडल्यावर जो ड्युटीवर असेल त्याच्यासाठी लिहायचा असतो. त्याला त्या कागदावरून कळलं पाहिजे की या माणसाला काय झालंय, काय दिलंय, कधी दिलंय, पुढे काय ठरलंय. तो कागद त्याच्या उपयोगाचा झाला की इन्शुरन्स, कोर्ट, ऑडिट सगळ्यांना पुरतो. ट्रेनिंगमध्ये कायद्याची भीती घालून सुरुवात केली की लोक बचावाचं लिहायला लागतात, म्हणजे भरपूर लिहितात पण कामाचं काही नसतं.

सुरुवात करण्याआधी हे जवळ ठेवा:

- गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या डिस्चार्ज झालेल्या २५-३० फाईली, मेडिसिन, सर्जरी, डिलिव्हरी, आयसीयू अशा मिसळून, आणि त्यात मृत्यूच्या आणि डामाच्या (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेलेल्या पेशंटच्या) एकदोन तरी
- सध्या वापरात असलेल्या प्रत्येक फॉर्मची एक कोरी प्रत
- एक पानी चेकलिस्ट, तुम्हीच बनवलेली
- स्टाफची यादी सह्यांच्या नमुन्यासकट, कुठली सही कुणाची हे नंतर कळावं म्हणून
- प्रत्येक वॉर्डात चालू असलेलं, बरोबर लावलेलं भिंतीवरचं घड्याळ (हे वाचून नवल वाटेल पण ओटीचं म्हणजे ऑपरेशन थिएटरचं, लेबर रूमचं आणि वॉर्डचं घड्याळ पाच-सात मिनिटांनी वेगळं असेल तर बाळाचा जन्म आईला ओटीत घेण्याआधी झाला असं रेकॉर्ड होतं)
- मालकांचा किंवा मेडिकल डायरेक्टरचा पाठिंबा, तोही लेखी

१. आधी स्वतःच्या फाईली वाचा, शिकवायला नंतर उभे राहा

एका ठिकाणी बसून त्या फाईली पानोपान वाचा आणि नोंदवा की काय सुटतंय. बहुतेक ठिकाणी हेच सापडेल: तारीख आहे पण वेळ नाही, सही आहे पण नाव नाही, ॲडमिशनच्या वेळी ॲलर्जी विचारलीच नाही, राऊंडची नोट म्हणजे नुसतं "सीटी ऑल", म्हणजे चालू आहे ते चालू ठेवा, आणि डिस्चार्ज कार्डवर पुढच्या तपासणीची तारीख नाही.

टीपीआर चार्ट (ताप, पल्स, श्वास यांचा) खास बघा. रात्री दहा, दोन आणि सहाच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच सरळ रेषेत, पल्स ८०, बीपी १२०/८०, श्वास १८, आणि शेजारच्या बेडच्या चार्टवरही तेच आकडे, हे दिसलं की समजा सकाळी ओव्हर (पुढच्या शिफ्टला चार्ज) द्यायच्या आधी एकदम भरलंय. लगेच रागावू नका. त्या रात्री वॉर्डात किती पेशंट होते, किती सिस्टर होत्या, बीपीचं मशीन चालू होतं का, हे आधी बघा. एका सिस्टरकडे पंचवीस पेशंट असतील तर ट्रेनिंगने तो चार्ट सुधारणार नाही, तिथे माणूस वाढवावा लागतो आणि हे वरपर्यंत सांगायचं काम तुमचंच आहे.

फाईलवरचं पेशंटचं नाव झाका, झेरॉक्स काढा. पुढचं सगळं शिकवणं याच कागदांवर होणार आहे. दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलची छापील उदाहरणं दाखवली की लोक म्हणतात आमच्याकडे असं होत नाही. स्वतःचं अक्षर समोर आलं की बोलायला लागतात.

२. फॉर्म कमी करा

हे न करता ट्रेनिंग घेऊ नका. बऱ्याच हॉस्पिटलांत एकच गोष्ट चार जागी लिहावी लागते, वजन ॲडमिशन शीटवर, नर्सिंग असेसमेंटवर, ॲनेस्थेशियाच्या कागदावर आणि डाएटच्या कागदावर, आणि मग चारही जागी वेगळं वजन येतं. कुठला फॉर्म कोण भरतो आणि नंतर कोण वाचतो, हे प्रत्येकासमोर लिहा. जो कुणीच वाचत नाही तो बंद करा किंवा दुसऱ्यात मिळवा. ॲलर्जीची जागा फाईलच्या पहिल्या पानावर लाल चौकटीत घ्या, आणि "ॲलर्जी नाही" हेही लिहायचंच, रिकामी चौकट म्हणजे विचारलं की नाही तेच कळत नाही.

कायद्याने ठरलेल्या फॉर्मना मात्र हात लावू नका, ते जसेच्या तसे.

३. डॉक्टरांपासून सुरुवात करा

सगळीकडे सिस्टरांना बसवतात आणि कन्सल्टंटना सोडतात. सिस्टरांनी सगळं नीट लिहिलं आणि कन्सल्टंटची नोटच नसेल तर त्या फाईलला अर्थ नाही. मोठ्या डॉक्टरांना वर्गात बसवता येणार नाही, ते येणारच नाहीत, त्यापेक्षा ओपीडी संपल्यावर दहा मिनिटं मागा, त्यांच्याच पेशंटच्या दोन फाईली पुढे ठेवा आणि विचारा, "सर, यावरून या पेशंटचं अँटिबायोटिक तिसऱ्या दिवशी का बदललं ते सांगता येईल का?" बहुतेक वेळा त्यांनाच आठवत नाही, आणि मग पुढचं समजवावं लागत नाही.

राऊंडच्या नोटसाठी जुनी चार भागांची पद्धत सोपी पडते, पेशंट काय सांगतो, तपासल्यावर काय सापडलं, मला काय वाटतं, आता काय करायचं. चार ओळी पुरतात. कन्सल्टंट तोंडी बोलत असतील आणि आरएमओ (वॉर्डातले ड्युटी डॉक्टर) लिहून घेत असतील तर "अमुक सरांसोबत राऊंड" असं लिहून वेळ टाकायची आणि सरांनी त्याच दिवशी सही करायची.

आरएमओंना हिस्ट्री लिहायला वेगळं शिकवा. नातेवाईक घाईत सांगतात "शुगर असेल आठ-दहा वर्षं", आणि कागदावर ठामपणे दहा वर्षांचा मधुमेह असं जातं. पुढे इन्शुरन्सवाले तेच वाक्य धरतात आणि पॉलिसीच्या आधीचा आजार म्हणून क्लेम अडतो, आणि पेशंटला खरोखर दोन वर्षांपूर्वीच निदान झालेलं असतं. म्हणून हिस्ट्री कुणी सांगितली ते लिहा, जुने पेपर मागा, अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा. आणि उलट बाजूही तितकीच पक्की ठेवा, डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक येऊन म्हणाले की दारूचं काढून टाका, पडल्याचं कारण बदला, तर बदलायचं नाही. नवीन माहिती किंवा पुरावा मिळाला असेल तर त्या दिवसाची तारीख-वेळ टाकून खाली वेगळी नोंद करायची.

४. सिस्टरांना वॉर्डातच शिकवा, पंधरा मिनिटं

ओव्हरच्या वेळेला धरून, दोन्ही शिफ्ट भेटतात तेव्हा, एका वेळी एकच विषय. आज फक्त वेळ आणि सही, पुढच्या आठवड्यात इनटेक-आउटपुट, मग ब्लड ट्रान्सफ्युजन. नाईटवाल्यांसाठी नाईटला जा, त्यांना ड्युटी संपल्यावर थांबवू नका, त्या वेळी डोक्यात काही शिरत नाही.

हे एक उदाहरण मी नेहमी वापरतो. आधी असं होतं:

"रात्री पेशंट ठीक. झोप चांगली. ऑर्डरप्रमाणे औषधं दिली."

त्याच पेशंटचं, त्याच रात्रीचं, असं लिहिता आलं असतं:

"२२.४० – ऑपरेशनच्या जागी दुखतंय, दुखणं १० पैकी ७ सांगतात. पल्स ९६, बीपी १३०/८४. ड्रेसिंग कोरडं. आरएमओंना कळवलं. २२.५० – ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल १ ग्रॅम शिरेतून १५ मिनिटांत दिलं. २३.३० – दुखणं ३, पल्स ८४. झोपल्या." आणि खाली नाव, सही.

दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि सिस्टरांनाच विचारा की तुमची सकाळची ड्युटी असती तर कुठला हातात आलेला आवडला असता. दुसऱ्या नोटला फार तर दोन मिनिटं जास्त लागतात. यात शेवटची ओळ सगळ्यात जास्त सुटते, औषध दिलं हे लिहितात पण दिल्यावर काय झालं हे बघून लिहीत नाहीत. यावरच एक अख्खं सेशन घ्या.

भाषेबद्दल माझं स्पष्ट मत आहे. नर्सेस नोट्स इंग्रजीतच पाहिजेत हा हट्ट सोडा. कित्येक एएनएम, जीएनएम सिस्टरांना पेशंटमध्ये नेमकं काय बदललं ते बरोबर दिसतं, मराठीत त्या नीट सांगतातही, पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की तीन ठरलेले शब्द उतरतात आणि दिसलेलं सगळं वाया जातं. मराठीत लिहू द्या. औषधाचं नाव आणि डोस तेवढं इंग्रजी कॅपिटलमध्ये.

५. औषधांची ऑर्डर

इथे चूक थेट पेशंटला लागते म्हणून जरा जास्त थांबा.

इन्सुलिनच्या आकड्यापुढे युनिटसाठी नुसतं यू अक्षर लिहू नका, घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. युनिट असा पूर्ण शब्द लिहायचा. एक मिलिग्रॅम लिहिताना "१" लिहा, "१.०" नको, टिंब पुसट झालं तर दहा वाचलं जातं. अर्धा असेल तर "०.५", टिंबाआधी शून्य हवंच. दिवसातून एकदा यासाठीचं ओडी हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उजवा डोळा होतं, त्यामुळे तुमच्याकडे आय सर्जन येत असतील तर पूर्ण लिहा. मायक्रोग्रॅमचं चिन्ह वापरू नका. अशा बंद केलेल्या शॉर्टफॉर्मची यादी ट्रीटमेंट शीटच्या मागच्या बाजूला छापून टाका, भिंतीवरचा तक्ता कुणी वाचत नाही.

औषधाचं नाव जेनेरिक, सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात, हे मेडिकल कौन्सिलच्या २०१६ च्या दुरुस्तीतच आहे.

फोनवरची ऑर्डर: ऐकायची, लिहायची, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, समोरून होकार आला की वेळ आणि डॉक्टरांचं नाव टाकायचं. डॉक्टरांनी २४ तासांत सही करायची. व्हॉट्सॲपवर आलेली ऑर्डरही शीटवर उतरवल्याशिवाय द्यायची नाही, मेसेज डिलीट होतात, फोन बदलतात.

आणि दिलेल्या औषधावर टिक आधी मारून ठेवायची नाही. सकाळी सगळ्यांच्या शीटवर एकदम सह्या करून मग ट्रॉली घेऊन निघायची सवय बऱ्याच वॉर्डांत असते. पेशंट एक्स-रेला गेलेला असतो, डोस राहतो, कागदावर मात्र दिलेला असतो. नाही दिलं तर गोल करून कारण लिहा, उलटी, एनबीएम (तोंडाने काही द्यायचं नाही), औषध आलं नाही, जे असेल ते.

६. चुकलं तर कसं दुरुस्त करायचं

एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहून सही, तारीख, वेळ. व्हाईटनर वॉर्डातून उचलूनच न्या. पान फाडायचं नाही, पूर्ण शीट नव्याने लिहून जुनी टाकायची नाही, दोन ओळींच्या मधे घुसवून लिहायचं नाही. राहिलेली नोंद उशिरा करायची असेल तर "उशिरा केलेली नोंद" असं लिहून आत्ताची वेळ टाका आणि घटना किती वाजताची ते वेगळं लिहा. इमर्जन्सीत हे होणारच, सीपीआर चालू असताना कुणी लिहीत बसत नाही, त्यासाठी एकाला फक्त वेळा नोंदवायला उभं करायची सवय लावा.

७. जिथे चूक महागात पडते ते कागद

कन्सेन्ट. पेशंटला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात असाल तर कन्नडही ठेवा. ऑपरेशनचं नाव, धोके, दुसरे पर्याय आणि समजावणाऱ्या डॉक्टरचं नाव असलं पाहिजे. कोऱ्या फॉर्मवर ॲडमिशन काउंटरलाच सह्या घेऊन ठेवणं पूर्ण बंद करा. सुप्रीम कोर्टाचा २००८ चा समीरा कोहली खटला स्टाफला जरूर सांगा: संमती तपासणीच्या लॅपरोस्कोपीसाठी होती, पेशंट भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले, कोर्टाने ती संमती धरली नाही, कारण पेशंट सज्ञान होती आणि शुद्धीवर यायची वाट बघता आली असती. एवढं सांगितलं की "नातेवाईकांची सही चालते ना" हा प्रश्न पुन्हा येत नाही.

डामा. नुसतं "स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे" पुरत नाही. काय धोका समजावला, कुणी, निघताना पल्स-बीपी काय होतं, कुठली औषधं लिहून दिली, हे सगळं. पैशांअभावी नेत असतील तर तसंच लिहा आणि रेफर लेटर द्या.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस. आणणाऱ्याचं नाव, आल्याची वेळ, पेशंटच्या अंगावरच्या दोन ओळखखुणा, प्रत्येक जखमेचं माप आणि जागा, पोलिसांना किती वाजता कळवलं आणि फोन घेणाऱ्याचं नाव, बक्कल नंबर. कपडे काढले असतील तर ते कुणाकडे दिले तेही.

मृत्यूचं कारण, म्हणजे फॉर्म ४. "कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट" हे कारण म्हणून लिहायचं नाही, हृदय आणि श्वास प्रत्येकाचाच थांबतो. पहिल्या ओळीत शेवटी ज्याने मृत्यू झाला ते, उदाहरणार्थ सेप्टिक शॉक, त्याखाली तो ज्यामुळे झाला ते, न्यूमोनिया, आणि दुसऱ्या भागात सोबतचा आजार, मधुमेह वगैरे. आरएमओंना हे बहुतेक कुणी शिकवलेलंच नसतं, अर्धा तास काढा आणि जुने चार फॉर्म त्यांच्याकडून पुन्हा भरून घ्या.

सोनोग्राफी असेल तर एफ फॉर्म. पीसीपीएनडीटी (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या) कायद्यात फॉर्ममधली उणीव हीच कायद्याचं उल्लंघन धरली जाते, उलट सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरवर येते, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ही तरतूद कायम ठेवली. ही कारकुनी चूक होती असं म्हणून सुटता येत नाही, त्यामुळे हा फॉर्म भरणारी व्यक्ती ठरलेली असू द्या आणि पेशंट टेबलवर जाण्याआधी, तपासणीनंतर भरायचे सोडून, एकही रकाना रिकामा नको.

८. कॉम्प्युटर आणि मोबाईल

सॉफ्टवेअर आलं की रेकॉर्ड आपोआप सुधारतं असं समजू नका. कालची नोट कॉपी करून आज चिकटवली की तिसऱ्या दिवशी कॅथेटर काढलेल्या पेशंटच्या नोटमध्ये सातव्या दिवशीही कॅथेटर असतो. कॉपी करायचं बटण बंद करता आलं तर करा. प्रत्येकाचा लॉगिन वेगळा, वॉर्डभर एकच पासवर्ड असेल तर कुणी काय लिहिलं ते कधीच सिद्ध होणार नाही.

रिपोर्टचे फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना नाव दिसू देऊ नका, आणि नातेवाईक म्हणून फोन करणाऱ्या प्रत्येकाला काउंटरवरून रिपोर्ट पाठवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याबद्दल स्टाफला दोन वाक्यांत सांगितलं तरी पुरे, पण एचआयव्हीचा रिपोर्ट फाईलच्या कव्हरवर लाल पेनाने लिहायची पद्धत अजून कुठे चालू असेल तर ती आजच बंद करा, त्या माणसाचं गावात जगणं अवघड होतं.

९. फाईल बंद करणं, प्रत देणं, जपून ठेवणं

डिस्चार्जनंतर फाईल एमआरडीत आली की चेकलिस्ट लावून बघा, कमी असेल तर दोन दिवसांत त्या डॉक्टरकडे परत. पंधरा दिवसांनी आठवून लिहिलेल्या नोटला किंमत नाही.

पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने प्रत मागितली तर २००२ च्या मेडिकल कौन्सिल नियमांप्रमाणे ७२ तासांत द्यायची. ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आले होते पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. मुंबई हायकोर्टानेही १९९६ मध्येच रघुनाथ रहेजा प्रकरणात पेशंटचा हा हक्क मान्य केलाय. तेव्हा बिलाच्या वादामुळे कागद अडवून ठेवू नका. अर्ज घ्या, ओळखपत्र बघा, झेरॉक्स द्या, रजिस्टरला पोच घ्या, मूळ फाईल देऊ नका. पोलिसांना मूळ द्यावी लागली तर लेखी पत्र घ्या, पानांना नंबर घाला, पूर्ण झेरॉक्स ठेवा.

किती वर्षं ठेवायचं: इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षं, पीसीपीएनडीटीचं २ वर्षं किंवा केस चालू असेल तर ती संपेपर्यंत, एमटीपीचं (गर्भपाताचं) ॲडमिशन रजिस्टर ज्या कॅलेंडर वर्षाचं असेल ते वर्ष संपल्यापासून ५ वर्षं आणि तेही कुलपात. एमएलसी कोर्टाचा निकाल लागेपर्यंत हात लावायचा नाही. लहान मुलांच्या आणि बाळंतपणाच्या फाईली जास्त ठेवा, मूल सज्ञान झाल्यावरही दावा येऊ शकतो, तुमच्या वकिलांना विचारून मुदत ठरवा. आणि फाईली जिन्याखाली ठेवू नका, पहिल्या मोठ्या पावसात जातात.

१०. पुन्हा फाईली काढा

तीन महिन्यांनी तेवढ्याच फाईली, तीच चेकलिस्ट. आकडे वॉर्डप्रमाणे काढा, माणसाप्रमाणे जाहीर करू नका. कुणाला वैयक्तिक सांगायचं असेल तर बाजूला घेऊन, त्याचीच फाईल हातात देऊन. चांगली नोट सापडली तर ती मात्र नावासकट सगळ्यांना वाचून दाखवा, मावशींपासून कन्सल्टंटपर्यंत.

नवीन स्टाफ सतत येतो-जातो, म्हणून पहिल्या आठवड्यातच प्रत्येक नव्या सिस्टर-ब्रदर आणि आरएमओला एका जुन्या, चांगलं लिहिणाऱ्या माणसासोबत लावून द्या आणि पहिल्या दहा नोट्स त्याने वाचून सही केल्याशिवाय एकट्याला नाईट देऊ नका. हा नियम रोस्टर लावणाऱ्या मेट्रनच्या हातात असतो, त्यामुळे त्यांच्याशी आधी बोलून घ्या.